पुसलेले डोळे

उंदराच्या मानेत नळी घालण्याचं काम मी किती वर्षं करतेय, आणि त्यात मला कुणी शिकवू नये. गळ्यापाशी छोटा छेद घ्यायचा, शीर हलकेच मोकळी करायची, बारीक चीर देऊन नळी आत सरकवायची, दोऱ्यानं बांधायची आणि तिचं दुसरं टोक कातडीखालून फिरवून पाठीवर काढायचं. तिथे त्याचे दात पोचत नाहीत. मग रक्त घेताना दर वेळी सुई टोचावी लागत नाही. पण छेद तो छेदच. पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ वेदनाशामक द्यायचंच.

भाचीच्या लग्नाला वरंगलला जायचं होतं, म्हणून डझनभर उंदरांना नळ्या घालून, पहिला डोस स्वतः देऊन पुढचं काम मी कोंडल रावांवर सोपवलं. राव म्हणजे आमच्या शामीरपेटच्या प्रयोगशाळेतले मोठे शास्त्रज्ञ. नावामागे पदव्यांची माळ.

दोन दिवसांनी सकाळी परतले तर राव दारातच उभे.

"या या, अक्का! लग्नातले गोड अरिसेलू आणलेत की एकटीनंच संपवलेत? तुमचे उंदीर बघा, कसे ठणठणीत आहेत."

एकमेकांच्या नळ्या कुरतडतात म्हणून प्रत्येकाला वेगळा पिंजरा. सगळे पाठ वाकवून, केस पिंजारून बसलेले. खाण्याला तोंड लावलेलं नाही. उंदराला फार दुखलं की डोळ्यांतून लालसर पाणी येतं. रक्त नसतं ते, पण दिसतं तसंच. यांचे डोळे मात्र लख्ख. मी एकाला उचललं आणि त्याचा पुढचा पाय उलटा करून पाहिला. आतली बाजू मनगटापर्यंत लाल. बिचारा स्वतःचं तोंड स्वतःच पुसत राहिला होता. दुसऱ्याचे पाय तसेच, तिसऱ्याचेही.

पिंजरे सांभाळणारी यादम्मा बाजूलाच होती.

"यादम्मा, यांचे डोळे कुणी पुसले?"

"मीच, अम्मा. सर म्हणाले, मॅडम यायच्या आत ओल्या कापसानं पुसून घे. मला वाटलं, डोळे आलेत."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"राव गारू, वेदनाशामक दिलंत?"

"अक्का, त्यानं निकाल बिघडतात. विज्ञान आहे हे."

"कुणाला शिकवताय? ज्या कंपनीचं औषध आपण तपासतोय, तिच्याच आराखड्यात वेदनाशामक लिहिलंय. खाली तुमची सही आहे."

राव चष्मा पुसायला लागले. "तसं नाही हो. संध्याकाळचा डोस सातला येतो, आणि स्टाफची बस साडेपाचला सुटते. थांबणार कोण? आणि संध्याकाळचा चुकला, तर सकाळचा देऊन तरी काय उपयोग?"

बस! विज्ञानाचं कारण खरं असतं तर मी भांडले असते, पण निदान माणसाशी भांडल्यासारखं वाटलं असतं. हा गृहस्थ बस चुकू नये म्हणून मुक्या जिवांना तडफडत ठेवतो आणि वर त्यांचे डोळे पुसून घेतो!

"अक्कलदाढ काढलीत, तेव्हा गोळी विचारायला मला रात्री दोनदा फोन केला होतात. रडत होतात."

"ते वेगळं, अक्का. हे उंदीर आहेत."

"वेगळंच. तुमच्याजवळ फोन होता."

सगळ्यांना मी तिथल्या तिथे डोस दिला. "संध्याकाळचा तुम्ही द्यायचा, माझ्यासमोर. नाहीतर उद्यापासून सुरी तुम्हीच धरा. मी एका उंदराला हात लावणार नाही." राव हसले. माझ्या हातासारखा हात त्यांना दुसरा मिळणार नाही हे आठवलं, तेव्हा हसू मावळलं.

साडेपाचला फाटकाशी बसचा भोंगा वाजला. रावांनी बॅग उचलली. मी जागची हलले नाही, नुसती बघत राहिले. बॅग परत खाली आली. बस गेली.

सातला त्यांनी एकेकाला डोस दिला. बहुतेकांनी दुपारपासून खायला सुरुवात केली होती. एकच कोपऱ्यात तसाच आखडून बसला होता. शेवटची सुई टाकून राव खुर्चीत कोसळले आणि अगदी केविलवाण्या आवाजात म्हणाले,

"अक्का, आता मी घरी कसा जाऊ हो?"

त्या पिंजऱ्यांसमोर बसून त्यांना हे विचारवलं! मी त्या कोपऱ्यातल्या उंदराचा पिंजरा उचलला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

"हा खायला लागला, की बघू."