वहिनीला वगळून

ठकीने वहिनीशी दोन वर्षं अबोला धरला होता, आणि आता त्याच वहिनीच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची फिल्म तिच्या गळ्यात पडली होती. दादा फोनवर म्हणाला, "घरात एवढी एडिटर असताना बाहेरच्याला कशाला सांगायचं?" ठकी लगेच हो म्हणाली. दादाला वाटलं, बहिणीचा राग निवळला. निवळतोय कसला!

दोन वर्षांपूर्वी आई हॉस्पिटलात शेवटचे दिवस मोजत होती आणि ठकीला कुणी कळवलंच नाही. ती धावतपळत पोहोचली तेव्हा पलंगावरची चादरसुद्धा बदलून झाली होती. दादाने मान खाली घालून सांगितलं, "तुझी वहिनीच म्हणाली, तिला उगाच कशाला घाबरवायचं." तेव्हापासून वहिनी ठकीच्या मनातून उतरली ती उतरलीच.

ठकी ज्या स्टुडिओत काम करायची तिथे क्लिपा निवडून जोडायला एक एआय एजंट होता. कामाला वाघ, पण महाविसरभोळा. एका सोफ्याच्या जाहिरातींत त्याने तेच मांजर इतक्या वेळा बसवलं की गिऱ्हाईक म्हणालं, "तुमच्याकडे दुसरं मांजर नाही का हो?" मग त्याला हिस्ट्री टूल जोडून दिलं. वापरलेली प्रत्येक क्लिप त्यात नोंदवायची, आणि नवी क्लिप उचलण्याआधी एजंटने तिथे बघायचं. नोंद सापडली की ती क्लिप बाद. का, कशाला, असलं तो विचारायचा नाही.

ठकीला नेमकं हेच हवं होतं. दादाने घरातल्या सगळ्या फोन-कॅमेऱ्यांतलं भरून पाठवलेल्या डिस्कमध्ये वहिनीचा चेहरा दिसेल ती प्रत्येक क्लिप तिने एजंटला शोधायला लावली आणि सरसकट हिस्ट्रीत टाकून दिली. वापरलेली. झालं. पंचवीस वर्षांचा संसार आणि त्यात बायकोच नाही! भरल्या हॉलमध्ये बसू दे तिला स्वतःला शोधत, आपल्याच माणसांनी वगळलं की कसं वाटतं ते कळू दे. कुणी विचारलंच तर एजंटकडे बोट दाखवायचं, यंत्र आहे, चुकतं. ठकी त्या दिवशी कामावर चक्क गुणगुणत होती.

एजंटने फिल्म जोडून दिली. ठकी चहाचा कप घेऊन ऐटीत बघायला बसली. पोरांची पहिली पावलं. खुर्चीत घोरणारा दादा. ऊन खात बसलेली आई. वहिनी कुठेच नव्हती, आणि असणार कशी? कॅमेरा तिच्याच हातात होता. मागून तिचा आवाज येत होता, "आई, इकडे बघा ना, हसा की जरा." आणि आई हसत होती. ठकीला ते बघवेना. तिचा चहा गार झाला.

मग हॉस्पिटलची खोली आली. वहिनीच्या जुन्या फोनमधली क्लिप होती, शेजारी एजंटची टीप होती, 'याआधी कुठेही वापरलेली नाही.' आई उशीवर मान वळवून म्हणत होती, "ठकी कुठंय? ठकीला बोलवा."

"अहो, मी वन्संना फोन लावते," वहिनीचा आवाज आला. "ताबडतोब निघतील त्या."

"काही नको," मागून दादा म्हणाला. "आली की ऑपरेशन करा म्हणून भांडत बसेल. माझं ठरलंय सगळं. ठेव तो फोन खाली."

कॅमेरा कलला. फरशी दिसली, दादाचे बूट दिसले, आणि क्लिप संपली.

ठकीने ती पुन्हा लावली. मग टेबलावर डोकं टेकून ती हमसून हमसून रडली. आईने आपल्याला हाक मारली होती, आणि आपण दोन वर्षं भलत्याच माणसाला शिव्या घालत बसलो. तिला स्वतःचीच लाज वाटली. आणि लाज ओसरल्यावर खाली राग तसाच शिल्लक होता, फक्त आता त्याला बरोबर पत्ता मिळाला होता.

तिने वहिनीला फोन लावला. "वहिनी, हॉस्पिटलमधली क्लिप बघितली मी. फिल्ममध्ये घालू का?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग वहिनी म्हणाली, "घाला वन्सं. तोंडाने सांगायचं धाडस मला कधी झालं नाही."

ठकीने हिस्ट्रीतल्या त्या खोट्या नोंदी एकूण एक पुसल्या आणि एजंटला नव्याने जोडायला सांगितलं. आता वहिनी नवरीच्या वेषात होती, पोरांच्या मागे पळत होती, आईचे केस विंचरत होती. शेवटची क्लिप ठकीने स्वतःच्या हाताने लावली.

संध्याकाळी दादाचा फोन आला. "झाली का गं? आई आहे ना त्यात? सगळ्यांना आईला बघायचंय."

"आहे. शेवटी आहे. कुणी कधी बघितली नसेल अशी."

"वा! आणि मी?"

"त्यात तू दिसत नाहीस, दादा. पण ऐकू येतोस."

दादा खूश झाला. म्हणाला, "हॉल मोठा आहे हं. आवाज जरा वाढवून ठेव."

ठकीने वाढवला.