डाव्या कानामागचा आवाज

तिने गाडी घेतली तेव्हा ती एकोणपन्नास वर्षांची होती आणि घरात कुणालाच ते पटलं नव्हतं. गाडी जुनी, गडद हिरवी, जेमतेम कमरेएवढी उंच. पुढचं झाकण उघडलं तर आत एक बॅग मावेल एवढीच जागा, कारण इंजिन सीटच्या पाठीमागे होतं. मधे फक्त एक पातळ पत्रा आणि काच.

नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली. "दोनच सीटा? मग आईला कुठे बसवायचं?"

"तेच बघून घेतली," ती म्हणाली. सासूबाई तिथेच उभ्या होत्या. सगळ्यांत मोठ्याने त्याच हसल्या.

तिचं काम कान तपासायचं. दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर जाड भिंतींची, बिनखिडकीची एक खोली होती. आत माणूस हेडफोन लावून बसायचा, बाहेरून ती बारीक बारीक आवाज सोडायची. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. बावीस वर्षं हेच. त्यामुळे गाडीत तिचं खरं सुख इंजिनच्या आवाजात होतं. गिअर कधी बदलायचा हे ती मीटर न बघता, पाठीमागून येणाऱ्या सुरावरून ओळखायची.

एका मंगळवारी कामावर जाताना त्या सुरात एक वेगळाच आवाज मिसळला. डाव्या कानामागे, बारीक, शिट्टीसारखा. मागे काहीतरी तापतंय, घासतंय, आता तुटणार. ती कडेला थांबली, मागचं झाकण उघडून वास घेतला, हात लावून बघितला. काहीच नाही.

मेकॅनिकने गाडी दोन दिवस ठेवून घेतली, इंजिनचा पट्टा बदलला. "आता ऐका, ताई."

"आहे अजून. बारीक आहे, पण आहे."

त्याने इंजिनला कान लावला. "मला तर काही ऐकू येत नाही. पण तुमच्या कानापुढे माझा कान काय?"

दुसऱ्या आठवड्यात त्याने बेअरिंग तपासलं, नळ्या तपासल्या. आवाज तसाच. तिचं चित्त थाऱ्यावर राहिना. मागचं धातूचं धूड पाठीवर दबा धरून बसलंय असं तिला गाडी चालवताना वाटायचं. उशीवर डोकं टेकलं तरी शिट्टी ऐकू यायची. दिवसभर तेच ऐकलं की कानात बसणारच, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

"तू हल्ली फोन उजव्या कानाला का लावतेस?" नवऱ्याने एकदा विचारलं.

"कुठे? काहीतरीच तुझं."

तिसऱ्या रविवारी सकाळी तिने त्यालाच गाडीत बसवलं. साक्षीदार हवा होता. तो डावीकडे, गुडघे छातीशी घेऊन बसला.

"ऐक हं. वेग वाढला की येतो."

गावाबाहेर रस्ता डोंगराला वळसा घालत जात होता. वळणावर कुणीतरी बागेला पाणी घालून रस्ता ओला केला होता. मेकॅनिकने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरून एकदम पाय उचलायचा नाही; मागच्या इंजिनच्या वजनाने गाडी फिरते. तिला ते पाठ होतं. पण नेमकी त्याच क्षणी शिट्टी वाढली, आणि तिचा पाय उचलला गेला.

मागची चाकं सुटली. झाडं, कठडा, आलेला रस्ता, पुन्हा कठडा. गाडी उलट्या तोंडाने कडेच्या गवतात थांबली आणि इंजिन बंद पडलं.

"लागलं का तुला?" तिने विचारलं. त्याने नाही म्हणून मान हलवली. त्याचे दोन्ही हात दाराच्या मुठीला घट्ट चिकटले होते.

आणि त्या शांततेत शिट्टी चालूच होती.

"आत्ता तरी ऐकू येतोय ना?"

"काय?"

"आवाज. हा बघ, आत्ता."

तो हळूच म्हणाला, "अगं, गाडी बंद आहे."

तिने उजव्या कानात बोट घातलं. त्याचे ओठ हलत होते, शब्द मात्र कापसातून आल्यासारखे येत होते. तीन आठवडे ती गाडीचे भाग बदलून घेत होती.

सोमवारी ती त्या जाड भिंतींच्या खोलीत आतल्या बाजूला बसली. बाहेर तिने स्वतः शिकवलेली सहकारी. बटण दाबायच्या जागा मधेमधे रिकाम्या जात होत्या, हे तिलाही कळत होतं. ती बाहेर आली तेव्हा सहकारी कागदाकडेच बघत राहिली.

"मॅडम, डावा..."

"माहीत आहे."

कानाच्या डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून?"

"तीन आठवडे."

अचानक कमी ऐकू यायला लागलं तर एक दिवसही दवडू नका, हे तीच रोज पेशंटना बजावायची. डॉक्टरांसमोर रडू येऊ नये म्हणून ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

गोळ्या सुरू झाल्या, कानात इंजेक्शनं झाली. आत गाठ तर नाही ना, म्हणून डोक्याचं स्कॅनही झालं. रिपोर्ट यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत सासूबाईंनी तिला एकटं म्हणून बसू दिलं नाही. गाठ नव्हती. ऐकू येणं निम्मंअधिक परत आलं, बाकीचं आलं नाही. शिट्टीही गेली नाही.

दीड महिन्याने डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलं. पण ती किल्ली हातात घ्यायची आणि परत ठेवायची. इंजिनचा सूर आता अर्धवटच येणार, आणि त्या अर्ध्यात काय काय निसटेल याची तिला धास्ती होती. शेवटी नवराच आपणहून डावीकडच्या सीटमध्ये जाऊन बसला.

"चल. मी ऐकतो, तू चालव. गिअर कधी बदलायचा ते मी सांगेन."

डोळे मिटून तो इतक्या गंभीरपणे ऐकत होता, की तिला हसू आवरेना. इंजिन किंचाळायला लागल्यावर तो ओरडला, "आता!"

"अरे, आता काय? केव्हाच टाकायला हवा होता!"

तीनदा असंच झालं. बाजाराशी पोचेपर्यंत तिचे तळवे घामाने भिजले होते. गाडी लावून तिने ते ओढणीला पुसले.

"परत जाताना तू गप्प बस," ती म्हणाली. "मी मीटर बघून चालवते."