पॉइंट नंबर नऊ

“वहिनी, जरा चिवडा पुढे पास करा ना,” गिरीश स्टीअरिंगवरून ओरडला. मी पायाशी ठेवलेल्या पिशवीत डोकं घालून डबा शोधत होते, तेवढ्यात बोगदा संपला. मान वर केली तर समोर अख्खी दरी. दोन्हीकडे ताठ कडे, मधे सपाट तळ, आणि उजव्या कड्याच्या अर्ध्यातूनच खाली झेपावणारा धबधबा. चिवडा पिशवीतच राहिला.

“पॉइंट तीन!” गिरीशने पुकारा केला. “दहा मिनिटं. फोटो काढा, पटापट.”

हा गिरीश म्हणजे माझ्या नवऱ्याचा, रवींद्रचा, ऑफिसातला मित्र. बरोबर त्याची बायको दीपा. लाँग वीकेंडला आम्ही चौघं राहतो त्या फ्रीमाँटहून पहाटे पाचला व्हॅन घेऊन निघालो होतो. महाबळेश्वरला टॅक्सीवाले पॉइंट दाखवतात, तशी गिरीशने डोंगरांची, तळ्यांची, दऱ्यांची यादी छापून आणली होती. दोन दिवसांत चौदा पॉइंट. एकेक झाला की दीपाने पेनने टिक करायची. यादीत शेवटी आउटलेट मॉलसुद्धा होता, आणि त्याला तीन तास दिले होते!

मी नागपूरला सात वर्षं आठवी ते दहावीला भूगोल शिकवला. ‘यू’ आकाराची दरी, लोंबती दरी, हिमोढ, सगळं फळ्यावर काढून काढून माझा हात बसला होता. पण हिमनदी राहिली दूर, मी बर्फ पाहिलेला तो फ्रीजमधला. लग्न करून इथे आले ती डिपेंडंट व्हिसावर. म्हणजे घरात राहा, रांधा, वाढा, नोकरीचं नाव काढू नका. चार वर्षं तेच चाललंय.

“हे कडे असे सरळसोट कसे काय गं?” दीपाने विचारलं. मलाच विचारलं होतं. उत्तर दिलं गिरीशने.

“नदी, यार. लाखो वर्षं नदी कापत बसली.”

“नुसत्या नदीने नाही,” मी म्हटलं. “नदीची दरी तळाला निमुळती असते. ही बर्फाने खरवडलीय. हिमनदी इथून सरकत गेली. तो धबधबा बघ, त्याची दरी छोट्या हिमनदीची. ती एवढी खोल कापू शकली नाही म्हणून वरच लोंबकळत राहिली.”

दीपा ऐकत होती हो, खरंच ऐकत होती.

“बाप रे, वहिनींनी तर क्लास सुरू केला!” गिरीश हसला. “रव्या, होमवर्क लिहून घे.”

रवींद्रही हसला. “सोड ना सुलेखा, व्हेकेशनवर आलोय,” म्हणाला.

डोक्यात अशी तिडीक गेली! चुकीचं सांगणारा शहाणा आणि बरोबर सांगणारी मी चेष्टेचा विषय. पण गिळलं. कारण मला हवा होता पॉइंट नंबर नऊ. खिंडीच्या अलीकडे रस्त्याला लागून एक तळं आहे. त्याच्या काठचे खडक बर्फाने घासून काचेसारखे गुळगुळीत झालेत, लायब्ररीच्या पुस्तकात फोटो पाहिला होता. एवढं एकच ठिकाण मी मागितलं होतं. महिनाभर आधी. “अर्धा तास फक्त,” म्हटलं होतं, आणि रवींद्रने “डन” म्हणून सांगितलं होतं.

मग काय, पार्किंग शोधण्यात पाऊण तास गेला. सारख्या टी-शर्टमधल्या ग्रुप फोटोत तेवढाच गेला, कारण गिरीशचं पोट दिसत होतं म्हणून तो परत काढायचा होता. जेवायला बसलो तर पोळ्या, भाजी, दही, लोणचं सगळं मी वाढलं, आणि “वहिनी, पापड नाही आणले?” हेही ऐकून घेतलं.

घाट चढून वर गेलो तेव्हा चार वाजले होते. झाडी विरळ झाली, मोठमोठे करडे खडक दिसू लागले आणि उजव्या हाताला पाणी चमकलं. मी बूट घट्ट करून तयार बसले होते. गाडीचा वेग कमी होईना.

“गिरीश, हेच ते तळं.”

“हो हो वहिनी, बघा ना, मस्त दिसतंय. पण मॅनेज नाही होणार हो. मोटेलला सहापर्यंत पोचलो तर राइस कुकर लागेल, खिचडी करायचीय ना तुम्हाला? सकाळपासून तीन लेक तर झाले. पाणी ते पाणीच. दीपा, नऊवर टिक कर.”

दीपाने माझ्याकडे पाहिलं. मग टिक केली.

“रवी?” मी म्हटलं.

“परत येऊ गं कधीतरी,” रवींद्र फोनमधले फोटो बघत म्हणाला.

“गाडी थांबव!”

दहावी ‘ब’चा वर्ग ज्या आवाजाला गप्प बसायचा, तो आवाज माझ्या गळ्यात अजून आहे हे मलाच माहीत नव्हतं. गिरीशने दचकून गाडी कडेला घेतली. मी दार सरकवलं, उतरले आणि मागे चालू लागले. कुणाकडे पाहिलं नाही.

काठावर उताराचा मोठा खडक होता. उन्हात चकाकत होता. मी वाकून हात फिरवला. गुळगुळीत, अगदी घोटलेला. आणि त्यावर बारीक चरे, सगळे एकाच दिशेचे. बर्फात अडकलेल्या दगडांनी ओरखडत नेलेले. सात वर्षं पोरांना सांगत आले ते सगळं खरं होतं. मला इतका आनंद झाला की हसूच आलं.

मागून रवींद्र धापा टाकत आला. “सुलेखा, काय चाललंय हे? गिरीश काय म्हणेल?”

“रवी, मी शाळेत काय शिकवायचे?”

“हे काय आत्ता मधेच?”

“सांग ना.”

त्याने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “सायन्स,” तो म्हणाला. “सायन्सच ना?”

चार वर्षांचा संसार आमचा. याला भेंडी कशी लागते, चहात साखर किती, याच्या मॅनेजरच्या कुत्र्याचं नाव काय, मला सगळं पाठ. मला वाटलं होतं राग येईल. राग तर दिवसभर होताच, आता काहीतरी तुटल्यासारखं झालं.

“जा तू,” मी म्हटलं. “माझं झालं की येते.”

“पण किती वेळ?”

“ते मला माहीत नाही.”

तो जरा घुटमळला आणि गेला. वरून हॉर्न वाजला, पाठोपाठ आणखी एक. मी बूट-मोजे काढून बाजूला ठेवले आणि बर्फ जिकडून आला होता तिकडे तोंड करून त्या खडकावर बसले.