इंजिनाचा अहंकार

टेकडीवरच्या पेट्रोल पंपावर शनिवारी सकाळी पाय ठेवायला जागा नसायची. पेट्रोल भरायला आलेले चार आणि गुरुजींना बघायला आलेले दोनशे. गुरुजींचा वेष मोठा सोयीचा होता. अंगात मेकॅनिकचा पांढराशुभ्र डगला, त्याला जन्मात ग्रीस लागलेलं नव्हतं. हातात पितळी पाना, त्याने आजवर एकही नट सैल केलेला नव्हता.

समोर एक हायब्रिड एसयूव्ही घुरघुरत उभी होती. स्टिअरिंगवर गुरुजींचा चेला बसला होता. गुरुजींनी बॉनेटवर हात ठेवला.

"हा आवाज कसला, ठाऊक आहे? हा इंजिनाचा अहंकार. 'मी ओढतो, मी ओढतो' म्हणतंय ते. हा अहंकारच पेट्रोल पितो. तो उतरला की गाडी नुसत्या श्रद्धेवर चालते." मग पाना उंचावून ते हळूच म्हणाले, "शांत हो, बाळा."

इंजिन शांत झालं. आणि तरी गाडी हलली, आवाज न करता पंपाला एक चक्कर मारून जागेवर आली. एका बाईंच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं.

मग चेल्याने ॲव्हरेजचा आकडा शून्य केला, दोन भक्तांना गाडीत घेतलं आणि टेकडीखालच्या चौकात नेऊन तो आकडा त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतला: लिटरला एक्केचाळीस. गुरुजींच्या अटी तीन. पेट्रोल सगळ्यात महागड्या ऑक्टेनचं भरायचं, टाकीत त्यांच्या कुपीतले सात थेंब घालायचे, आणि इंधनाच्या काट्यावर त्यांच्या फोटोचा स्टिकर लावायचा. टाकी महिनाभर पुरणार. काट्याकडे मात्र बघायचं नाही, शंका आली की गुण गेला.

पहिल्या रांगेत मीटरवाले काका होते. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तीस वर्षं त्यांनी घरोघरचे मीटर वाचले होते आणि कुणाच्या तोंडी आकड्यावर कधी विश्वास ठेवला नव्हता. निवृत्तीनंतर त्यांनी अशीच मोठी हायब्रिड गाडी घेतली ती काही हौसेने नाही. काकूंच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं, आणि येताना त्यांना आडवं व्हायला जागा लागायची. गाडीची माहितीपुस्तिका कप्प्यात अजून प्लास्टिकमध्येच होती. असली पुस्तकं वाचतो कोण?

दुसऱ्या दिवशी काकूंनी स्टिकर पाहिला.

"अहो, हे काट्यावर कोण बसलंय?"

"गुरुजी आहेत. टाकी महिनाभर पुरेल म्हणालेत."

"आणि संपत आली तर हेच सांगणार का तुम्हाला?"

"अगं, शंका घ्यायची नसते."

"तीस वर्षं लोकांच्या घरात शंका घेत फिरलात. माझ्या जिवाच्या वेळी बरी श्रद्धा सुचली तुम्हाला."

काकांनी ते हसण्यावारी नेलं.

अठराव्या दिवशी ते दोघं हॉस्पिटलला निघाले होते. गाडीने दोनदा 'टिंग' केलं, काकांना वाटलं अहंकार कुरकुरतोय. इशाऱ्याचा पिवळा दिवाही गुरुजींच्या दाढीखाली झाकलेला होता. उड्डाणपुलाच्या चढावर इंजिन गप्प झालं आणि गाडी तशीच पुढे जात राहिली. "बघ, उतरला अहंकार," काका खुशीत म्हणाले. थोड्या अंतरावर बॅटरीनेही हात टेकले आणि गाडी पुलाच्या मधोमध उभी राहिली.

एका टेम्पोवाल्याने दोघांना खोक्यांमध्ये बसवून हॉस्पिटलला पोचवलं. तोवर काकूंचं मशीन दुसऱ्या पेशंटला दिलेलं होतं. ते मोकळं होईपर्यंत काकूंना धाप लागली आणि ऑक्सिजन लावावा लागला. नर्सने काकांना विचारलं, "घरातून उशिरा निघालात का?" मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

काकूंना शेवटी मशीनवर घेतलं, तेव्हा बाहेर बाकावर बसून काकांनी गाडी सोडताना कप्प्यातून उचललेली ती पुस्तिका वाचून काढली. गुरुजींची सगळी सिद्धी त्यात चित्रांसकट छापलेली होती.

शनिवारी गुरुजी हात वर करतात न करतात, तोच काका पुढे झाले.

"गुरुजी, आज चेल्याला खाली उतरू द्या. माझी गाडी घ्या, स्टिअरिंगवर मी बसतो."

दोनशे लोकांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. काकांनी उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबून धरला. इंजिन गुरगुरू लागलं.

"शांत हो, बाळा," गुरुजी म्हणाले.

बाळ ऐकेना. गुरुजींनी पाना फिरवला, आवाज चढवला, बॉनेटवर दोन्ही हात ठेवले. कपाळावर घाम आला, पण इंजिन काही दाद देईना.

"तुमच्या मनात शंका आहे," गुरुजी कडाडले.

"शंका माझ्या मनात आहे, पेट्रोल टाकीत आहे. दोघांचा संबंध काय?" काकांनी पाय उचलला. क्षणभराने इंजिन बंद झालं. "ही करामत हाताची नाही, चेल्याच्या पायाची आहे. हायब्रिड उभी असली की इंजिन आपोआप थांबतं आणि सावकाश हलवली तर बॅटरीवर चालते. सगळ्याच हायब्रिड गाड्या हे करतात, गुरुजी नसले तरी."

मग दोन भक्तांना शेजारी बसवून काकांनी आकडा शून्य केला. थेंब नाहीत, पेट्रोल साधंच. खाली चौकात आकडा आला बेचाळीस. भक्त उतरायला लागले.

"बसा, बसा. निघालो तिथे परत आल्याशिवाय कसलं रीडिंग?"

चढ सुरू झाला तसा आकडा घसरू लागला. पंपावर पोचताना तो एकोणीस होता. उतारावर गाडीला ओढायला जवळजवळ काही लागत नाही, ती सगळी फेड चढावर होते. चेला भक्तांना चौकातच का उतरवत होता, ते आता सांगावं लागलं नाही.

"आणि महागडं पेट्रोल?" एका बाईंनी विचारलं.

"ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. इंजिनात दाब वाढला तर वेळेआधी पेट न घेण्याचा गुण. ज्या इंजिनाला तो लागतो त्यालाच त्याचा उपयोग. तुमच्या पुस्तिकेत साधं लिहिलं असेल तर साधंच भरा."

"पण थेंब घातल्यापासून मला खरंच फरक पडलाय हो."

"पडला असेल. थेंब घातल्यापासून तुम्ही जपून चालवताय. थेंब टाकून द्या, जपून चालवणं सोडू नका."

गुरुजी नि चेला एव्हाना पंपाच्या मागच्या दाराने पसार झाले होते. काही लोक त्यांना शिव्या घालू लागले. काकांनी त्यांना थांबवलं.

"त्यांना काय बोलता? मला बोला. बायको शेजारी बसलेली आणि मी टाकीत किती पेट्रोल आहे ते बघितलं नाही, कारण कुणीतरी 'बघू नका' म्हणालं. फसलो मी, आणि धाप लागली तिला." काका पुढे म्हणाले, "गाडीचं असो, औषधाचं असो, जो माणूस 'तपासू नका' म्हणतो ना, त्याचंच आधी तपासा. आपल्या भरवशावर गाडीत बसलेल्या माणसासाठी तरी तपासा."