निर्झर म्हणजे नातूच

आता निर्झर या नावानं कुणाचं काय घोडं मारलं होतं? पण चौगल्यांच्या घरात त्या नावावरून जे महाभारत झालं, त्यानं क्रांतीला वाटायला लागलं, आपण लेकीचं नाव ठेवतोय का कुणाची जमीन लाटतोय. सासूबाई, शालूबाई, म्हणाल्या, हे नाव हाय का खोकल्याचं औषध? बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून नणंद आक्का बारशाला राधानगरीला क्रांतीच्या माहेरी आली होती. पोरीचं नाव हाय का पोराचं ते तरी कळू दे की, असं ती पाळण्यापाशीच चारचौघींत बोलली. मग पाठीत बुक्के खात, कुर्रर्र करून कसंबसं नाव सांगून मोकळी झाली.

नाव पोराचं का पोरीचं ते कळू नये, क्रांतीला नेमकं तेच हवं होतं. शिरोलीच्या एका कारखान्याच्या ऑफिसात ती लग्नाआधीपासून कामाला होती. नोकरीला अर्ज आला की साहेब आधी नाव बघायचा आणि बाईचं दिसलं की बाजूला सारायचा. शिक्षण-बिक्षण वाचायची तसदीच नको. तेव्हाच तिनं मनाशी ठरवलं होतं, आपल्याला मुलगी झाली तर नाव असं ठेवायचं की लोकांनी आधी तिचं काम बघावं. बाळंतपणात रक्त थांबेना म्हणून डॉक्टरांनी पिशवी काढून टाकली. म्हणजे आता हीच पहिली आणि हीच शेवटची. त्यामुळं ती हटलीच नाही. नवरा ऋतुराज म्हणाला, ठेव तुला काय ठेवायचं ते. तो भांडायला उभा राहणारा गडी नव्हताच, ना इकडून ना तिकडून.

सासरे गणपतराव गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या करायचे आणि गिऱ्हाईकासमोर धार काढून द्यायचे. सून माहेरी गेली आणि मागं त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, माणूस खाटेला खिळला. पाणीसुद्धा चमच्यानं पाजायला लागायचं. अशा माणसाला नात झाली आणि आता पुढं काही नाही, हे सांगायचं कुणी? उद्या सांगू, परवा सांगू चाललं होतं. तेवढ्यात कट्ट्यावरचा त्यांचा जुना जोडीदार गुंडू समाचाराला आला. ऋतुराजच्या स्टेटसला त्यानं बारशाचा फोटो बघितला होता, दुपट्यात गुंडाळलेलं बाळ आणि खाली नाव. गड्यानं दुसरा विचारच केला नाही. आबा, नातू झाला आन् पेढं न्हाईत व्हय, असं दारातनंच ओरडला.

गणपतराव वाकड्या तोंडानं हसले. त्या संध्याकाळी त्यांनी वाटीभर आमटीभात खाल्ला. मग शालूबाईंनी काय करावं? पेढे आणून गल्लीभर वाटले. मुलगी झाल्यावर बर्फी वाटतात हे न कळण्याइतकी बाई खुळी नव्हती.

क्रांतीला हे कळलं ते सव्वा महिन्यानं, बाळाला घेऊन सासरी आल्यावर, तेही उंबऱ्याच्या बाहेर. शालूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं आणि बाळाचं टोपडं सारखं करता करता हळू आवाजात सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाल्या, "नाव लई झ्याक ठेवलंस बाई. कुणाला काय सांगायचीबी गरज न्हाय."

ज्या नावाला सगळ्यांनी नाकं मुरडली, ते आता गोड लागत होतं, कारण त्याच्या आड क्रांतीची पोर झाकता येत होती. आणि ते झाकण तिनंच आपल्या हातानं आणून दिलं होतं. तिला ओरडावंसं वाटलं. पण आतून गणपतराव हाका मारत होते, निजर, निजर. जीभ वळत नव्हती तरी मारत होते, उशीला टेकून बसून.

थोडे दिवस जाऊ देत, ऋतुराज म्हणाला, डॉक्टरांनी धक्का देऊ नका म्हणून सांगितलंय. थोडे दिवस गेले. माहेरून आलेले फ्रॉक कपाटात ढकलले गेले. शेजारणी येत, नातवाची दृष्ट काढत. गणपतराव काठी धरून उभे राहायला लागले आणि पोराचं जावळ जोतिबाला काढायचं म्हणून जीप ठरवायच्या गोष्टी बोलायला लागले. चांदीचा करदोडा घडवायला टाकला. क्रांतीला रात्रंदिवस एकच भीती पोखरत होती. हे आता थांबवलं नाही तर आपली लेक या घरात कधी जन्माला आलीच नाही असं होईल.

एका सकाळी सासूबाई देवळात गेल्या होत्या. क्रांतीनं बाळाला तेल लावलं आणि तसंच दुपट्यात घेऊन सासऱ्यांच्या खाटेपाशी गेली. "आबा, नीट बघून घ्या एकदा," ती म्हणाली आणि दुपटं बाजूला केलं.

गणपतरावांनी बघितलं. झटक्यानं त्यांची बाजू गेली होती, डोळे शाबूत होते. म्हशीला रेडी झाली की हाच माणूस गोठ्यात नाचायचा, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातावर गूळ ठेवायचा. बाळानं पाय झाडले. म्हातारा बघत राहिला, आणि क्रांतीला वाटलं, सुटले मी आता.

मग त्यांनी डावा हात पुढं केला. दुपट्याचं टोक धरून त्यांनी बाळाच्या अंगावर ओढलं, नीट, चारी बाजूंनी खोचलं.

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "गुंडू आल्याच्या दुसऱ्या दिवशीच कळलंतं. घरातल्यांची तोंडं काय लपत्यात व्हय?"

त्यांचे डोळे भरले होते आणि ते तिच्याकडं बघत नव्हते.

"मी हाय तवर तेवढा नातूच ऱ्हाऊ दे, पोरी. मग म्हन तिला काय म्हनायचं ते."

ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. बाळाला उचलून खांद्याशी धरलं. देवळातून परत आलेल्या शालूबाईंनी दारातच काठीचा आवाज ऐकला आणि हात जोडले. आज म्हातारा कुणाच्या आधाराशिवाय न्हाणीपर्यंत चालत गेला होता.