तुकादादाची तलवारबाजी

कमलेशने नाशिकहून भिंतभर टीव्ही आणला आणि त्या रविवारी दुपारी साखरशेत गावातली तीस-चाळीस माणसं त्याच्या पडवीत दाटीवाटीने बसली. सिनेमा जपानी होता, बोलत होता हिंदीत. तुका सगळ्यात पुढे. पन्नाशीचा, दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जाणारा, चार माणसांत तोंड न उघडणारा. पण पडद्यावरचा योद्धा तलवार उपसून एकटा दहा जणांत शिरला, तसा तुका गुडघ्यांवर उठला.

"मागं बघ रं, मागं! आला तो!"

योद्ध्याने गर्रकन वळून मागच्याला आडवा केला. तुकाने टाळ्या पिटल्या. म्हातारा सरदार मेला तेव्हा टॉवेलात तोंड खुपसून तो हुंदके देऊन रडला. एव्हाना लोक सिनेमा सोडून त्यालाच बघत होते.

सिनेमा संपल्यावर जीप चालवणारा पंकज म्हणाला, "तुकादादा, चल, आपण दोघं लढू."

अंगणात गोल झाला. तुकाच्या हाती बांबू दिला. पंकजने कुडाला अडकवलेला कोयता काढला. "उलट्या बाजूने मारीन, घाबरू नको." गोलातल्या रघूने शूटिंग घ्यायला मोबाइल धरला.

तुकाने आधी कमरेत वाकून नमस्कार केला, अगदी सिनेमातल्यासारखा. लोक खो खो हसले. त्याला वाटलं, कौतुकानेच हसतात. मग त्याने बांबू उचलला आणि पंकजच्या मनगटावर असा हाणला की कोयता सुटता सुटता राहिला. दुसरा फटका कानाखाली.

"तुकादादा, तुकादादा!" शिट्ट्या सुरू झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्याच्या नावाने ओरडत होतं.

पंकजचा कान लाल झाला होता. त्याने मुठीत कोयता फिरवून धार पुढे घेतली. ते रघूने पाहिलं. पण मोबाइल खाली केला नाही.

तुकाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बांबूबरोबरच खाली पडलं. तुका मटकन बसला, आणि लोकांना तो नाटकच करतोय असं वाटून टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

जव्हारच्या दवाखान्यात पंकजने सांगितलं, "गवत कापताना लागलं." डॉक्टरांनी तुकाकडे पाहिलं. तुकाने होय म्हणून मान हलवली.

घरी बायको चिमी हाताकडे बघत राहिली. "खरं सांग, कुणी केलं?"

"त्याच्या आधी मी त्याला दोनदा हाणला," तुका म्हणाला. "समदी माझ्या नावाने ओरडत होती."

"आवणीला उभा कोण करील तुला आता? रोपांची मूठ धरशील का त्या हाताने?"

कोणी उभं केलंच नाही. आवणी सुरू झाली, भाताची खाचरं माणसांनी भरली आणि तुका बांधावर बसून राहिला. येणारा-जाणारा हवेत तलवार फिरवल्यासारखं करून त्याला हाक मारी. तो हसून पट्टी बांधलेला हात वर करी.

पुढच्या रविवारी कमलेशने त्याला निरोप धाडला. तुका गेला. त्याला पहिल्या रांगेत बसवलं. सिनेमाच्या आधी रघूने मोबाइल टीव्हीला जोडला. भिंतभर तुका वाकला, बांबू चालला, कोयता आला.

"परत लाव!" पडवी ओरडली. रघूने परत लावलं. मग आणखी एकदा, हळू करून.

तिसऱ्यांदा बोटं पडली तेव्हा तुका जायला उठला.

"ए तुक्या," मागून कोणी तरी ओरडलं, "खाली बस. दिसत नाही."