डाव्या हाताची कॉफी

सुनीतीबाईंना पॅरालिसिसचा झटका आला त्याला दहा महिने होऊन गेले होते. पाय सावरला. बोलणंही बरंच सुधारलं. शब्द जरा जड, सावकाश यायचे, एवढंच. उजवा हात मात्र रुसून बसला होता. बोटं हलत, पण धरलेली वस्तू त्यांच्यात टिकत नसे. याच हातानं तीस वर्षं भिवंडीतल्या शाळेत त्यांनी फळ्यावर नद्या आणि डोंगररांगा काढल्या होत्या. पण खरं सांगायचं तर त्यांना खडूची फारशी आठवण येत नसे. आठवण यायची ती पहाटेच्या कॉफीची.

घर सगळं चहावालं. कॉफी एकट्या सुनीतीबाईंची. पाच वाजता उठायचं, दूध ठेवायचं, कॉफी उकळून वर चिमूटभर जायफळ घालायचं आणि कप घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत बसायचं. मागच्या गल्लीत कापडाच्या लूमची खटखट चालू असायची, रात्रीच्या शिफ्टची माणसं सुटून घराकडे निघालेली असायची. त्या अर्ध्या तासात त्यांना कुणी आई म्हणत नसे, बाई म्हणत नसे, काही मागत नसे. सासू होती, मुलगी नीरजा लहान होती, पेपरांचे गठ्ठे पडलेले असायचे, तेव्हाही हा अर्धा तास त्यांनी सोडला नव्हता.

आता कॉफी शरच्चंद्र करायचे. टपाल खात्यातून निवृत्त झालेला हा सरळ माणूस बायकोच्या आजारपणात स्वयंपाक शिकला, केसांची वेणी घालायला शिकला. कॉफी मात्र त्यांना जमली नाही. सात वाजता कप समोर यायचा. पांढरी, गोड, कोमट. सुनीतीबाई पिऊन टाकायच्या. पहाटे त्यांनी कूस बदलली तरी शरच्चंद्र उठून बसायचे. "थांब, थांब. काय हवंय? मी आहे ना."

श्रावणात एकदा ते देवळात गेलेले असताना सुनीतीबाईंनी दूध तापवायला घेतलं होतं. डाव्या हातातल्या सांडशीतून पातेलं निसटलं. दूध पायावर थोडंच उडालं, भाजलं असं नाही. पण दारात येऊन उभ्या राहिलेल्या नवऱ्याचा चेहरा पाहून त्याच घाबरल्या. पुन्हा ओट्याकडे जायचं नाही असं त्यांनी कबूल केलं. कुणाच्या धाकानं नव्हे. त्यांचा स्वतःचाच धीर सुटला होता.

दिवाळीनंतर व्यायाम करून घ्यायला येणारी रीमा म्हणाली, "काकू, हात वर-खाली करणं ठीक आहे. पण दिवसातलं एक तरी काम अथपासून इतिपर्यंत तुमचं पाहिजे. काकांनी हात लावायचा नाही."

"कॉफी," सुनीतीबाई लगेच म्हणाल्या.

"गॅस नको," शरच्चंद्र तितक्याच लगेच म्हणाले.

त्या रात्री पुण्याहून नीरजाचा फोन आला. तिनं ऐकून घेतलं आणि पाच मिनिटांत कॉफीच्या मशीनचा फोटो पाठवला. "आई, ही कॉफीची कॅप्सूल टाकायची, दांडा खाली ओढायचा, बटण दाबायचं. ऑर्डर करते, परवा येईल घरी."

"नको. मला... हात लावून बघायचंय."

"अगं, रिव्ह्यू वाच ना. सगळ्यांनी चांगलं लिहिलंय."

"त्या सगळ्यांना दोन हात आहेत," सुनीतीबाई म्हणाल्या. नीरजानं ऑर्डर थांबवली.

धनेश सुनीतीबाईंचा जुना विद्यार्थी. भिवंडीजवळ कशेळीला त्याच्या घरच्या शेताच्या जागेवर आता गोदामं उभी होती आणि त्यातल्या एका गोदामाच्या पुढच्या भागात त्यानं घरगुती उपकरणांचं दुकान काढलं होतं. लोकांनी ऑनलाइन मागवून, खोकं उघडून परत पाठवलेला मालही त्याच्याकडे असायचा, त्यामुळे वस्तू बाहेर काढून, चालवून बघता यायची. शनिवारी सकाळी दोघं रिक्षानं निघाले. कंटेनरच्या रांगेत अर्धा तास गेला. शरच्चंद्रांनी सगळा वेळ बायकोचा दंड धरून ठेवला होता.

"या बाई, या! सर, बसा," धनेशनं स्वतः खुर्च्या पुसल्या. आत पंख्याखाली त्याची आई धोंडूबाई वालाच्या शेंगा सोलत बसली होती. धनेशनं टेबलावर मशीन मांडायला सुरुवात केली आणि शरच्चंद्रांकडे बघून विचारलं, "सर, बाईंना कशी कॉफी लागते? कडक का साधी?"

"साधीच. दूध जास्त," शरच्चंद्र म्हणाले.

सुनीतीबाईंनी तोंड उघडलं. पण शब्द जुळेपर्यंत दोघांचं बोलणं पुढे निघून गेलं होतं.

शेंगा सोलता सोलता धोंडूबाईंचा आवाज आला, "काय रं धनेश, पिवाची कोनाला हाय? तिला इचार ना. तिला काय तोंड न्हाय?"

धनेश ओशाळला. वळून म्हणाला, "सॉरी बाई. तुम्ही सांगा."

"कडक," सुनीतीबाई म्हणाल्या. शरच्चंद्रांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. दहा महिने ते साधी करत होते.

पहिलं मशीन कॅप्सूलचंच. दांडा ताठ होता. एका हातानं ओढला की मशीनच पुढे सरकायचं. शिवाय त्या कॅप्सूल दर वेळी मागवाव्या लागणार. "आणि वास कुठाय?" सुनीतीबाई म्हणाल्या. दुसऱ्याला पितळेसारखी चमकणारी मूठ होती. तिच्या वाटीत पूड भरायची, दाबायची, मग मूठ मशीनमध्ये फिरवून घट्ट बसवायची. त्यांनी तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी मूठ निसटून टेबलावर आदळली आणि शरच्चंद्र अर्धे उठले.

मग धनेशनं मोठं मशीन पुढे आणलं. वर काचेचा पडदा, त्यावर कपांची चित्रं. दाणे तेच दळणार, दूधही तेच फेसाळणार. सुनीतीबाईंनी एका बोटानं चित्राला हात लावला. घरघर झाली आणि मिनिटभरात कप भरला. कॉफी चांगली होती, अगदी हॉटेलात मिळते तशी.

"झालं तर!" शरच्चंद्रांचा चेहरा खुलला. "हेच घेऊ. तुला काहीच करायला नको."

सुनीतीबाईंनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "अहो, मला काहीतरी करायचंय. म्हणून... आलेय मी."

त्यांचा आवाज चढला नव्हता. पण शरच्चंद्रांनी पाकिटाकडे नेलेला हात मागे घेतला. धनेश मान खाली घालून वायर गुंडाळू लागला.

खालच्या फळीवर एक साधं काळं मशीन होतं, खोकं फाटलेलं. बोट टेकवलं की झाकण उघडायचं. मागे पाणी ओतायचं, जाळीच्या गाळणीत पूड घालायची, खाली काचेचा जग. एकच बटण. "हे जुन्या पद्धतीचं आहे बाई," धनेश म्हणाला. "थेंब थेंब पडतं. वेळ लागतो."

"वेळ आहे मला. पाणी दे."

त्यांनी डाव्या हातानं तांब्या उचलला. पहिली धार टेबलावर गेली, तिथून साडीवर. "अगं, थांब—" शरच्चंद्र धावले. तोवर धोंडूबाई उठून मध्ये आल्या होत्या. शेंगांची टोपली त्यांनी शरच्चंद्रांच्या हातात दिली. "तुमी या धरा सर. सांडला त सांडला, पानीच हाय."

शरच्चंद्र टोपली धरून उभे राहिले. सुनीतीबाईंनी पुन्हा तांब्या उचलला, या वेळी कड मशीनला टेकवून. पाणी आत गेलं. पुडीच्या बरणीचं झाकण फिरवायचं होतं, ते काही एका हातानं सुटेना. धोंडूबाईंनी ते उघडून दिलं. म्हणाल्या, घरी पूड सैल झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेव, म्हणजे अंगठ्यानं उघडेल. चमच्यानं पूड घातली, थोडी बाहेर पडली. बटण दाबलं. मशीन गुरगुरलं आणि दुकानभर वास पसरला.

थेंब थेंब करत जग भरला आणि मशीन बंद झालं. सुनीतीबाईंनी स्वतः जग उचलून तीन कपांत काळी कॉफी ओतली. धोंडूबाईंनी घोट घेतला, कडूपणानं तोंड वाकडं केलं. "बापा, किती करू! ह्ये पैसं देवून पितात?"

सुनीतीबाई इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले. "हेच घेणार," त्या म्हणाल्या.

सोमवारी पहाटे पाचला त्या उठल्या. शरच्चंद्रही उठून बसले. "तुम्ही झोपा," त्या म्हणाल्या. ते झोपले नाहीत, पण बाहेर आले नाहीत. पहिल्या दिवशी जग नीट आत सरकला नव्हता. सगळी कॉफी ओट्यावरून खाली वाहत गेली. आवाज ऐकून ते दाराशी आलेच.

"आत येऊ नका," सुनीतीबाई म्हणाल्या.

"पाय घसरेल तुझा."

"बसून पुसते. तिथंच उभे राहा, हवं तर."

ते दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. सुनीतीबाईंनी स्टूल ओढलं, बसून फडक्यानं लादी पुसली, फडकं एका हातानं सिंकच्या कडेवर दाबून पिळलं. वीस मिनिटं लागली. मग पुन्हा पाणी, पुन्हा पूड. दुधाचा कप त्यांनी मायक्रोवेव्हमध्ये गरम केला. जायफळाची पूड आदल्या दिवशी किसून डबीत भरून ठेवली होती. ते काम मात्र शरच्चंद्रांकडून करून घेतलं होतं.

त्या दिवशी कॉफी साडेसहाला मिळाली. खिडकीबाहेर उजाडून गेलं होतं.

पुढच्या आठवड्यात सहा वाजले, त्याच्या पुढच्या आठवड्यात साडेपाच. गाळणी उजव्या पंजाच्या पाठीनं दाबून धरली की पूड सांडत नाही, हे त्यांचं त्यांनाच सापडलं. रीमानं ते पाहून टाळ्या वाजवल्या आणि आता याच पंजाखाली पोळपाट धरून बघू, म्हणाली. सुनीतीबाई तिला "हळूहळू" एवढंच म्हणाल्या.

मार्गशीर्षातल्या एका पहाटे त्या कप घेऊन खिडकीत बसल्या होत्या. थंडी होती. गल्लीतून दोन माणसं मफलर गुंडाळून, हिंदीत कशावरून तरी हुज्जत घालत गेली. कॉफी कडक झाली होती, जायफळ जरा जास्त पडलं होतं. आतल्या खोलीतून घोरण्याचा आवाज येत होता. सुनीतीबाईंनी कान देऊन ऐकलं. दहा-अकरा महिन्यांत शरच्चंद्र असे पहाटेचे गाढ झोपलेले त्यांना आठवत नव्हते. किती थकला असेल हा माणूस, त्यांच्या मनात आलं. त्यांनी उठून खोलीचं दार हलकेच लोटून घेतलं आणि परत येऊन बसल्या.

सात वाजता शरच्चंद्र डोळे चोळत बाहेर आले. घड्याळाकडे पाहून दचकले, मग खुर्ची ओढून समोर बसले.

"मला उठवलं नाहीस?"

"कशाला?"

त्यांनी नाक वर करून वास घेतला. "मला उरलीय का थोडी?"

"जगमध्ये आहे," सुनीतीबाई म्हणाल्या. "घ्या ओतून. आणि दूध कमी घाला हो, तुमचा हात फार सढळ आहे."